चाकावरची हाक

दोर वळायला वाक लागतो आणि सरळ जागा लागते. वाक काय, घायपाताची पानं कुजवली, आपटली, धुतली की मिळतो. सरळ जागा कुठून आणणार? आमच्याकडे ती होती. तेलगिरणीच्या भिंतीला लागून दीडशे पावलांची पट्टी, ना चढ ना उतार, पणजोबांपासून आमच्या टाचांनी चोपलेली. गावात तिला सगळे दोरवाट म्हणायचे. तिच्यात खोट एकच होती. गिरणीच्या फाटकातून निघणारा रस्ता तिला मधोमध आडवा कापून जायचा.

म्हणून आमच्या कामात एक नियम होता. तो आधीच सांगून टाकते. एका टोकाला चाक, चाकावर तीन आकडे, तीन आकड्यांना तीन पेड. दुसऱ्या टोकाला, म्हणजे शेपटाला, हे तिन्ही पेड एकाच आकड्यात, आणि तो आकडा शेपटावरच्या माणसाच्या कमरपट्ट्याला अडकवलेला. तो टाचा रोवून मागे रेलतो. चाकावरची मी चाक फिरवते. मधून बाबा तीन खाचांचा लाकडी ठोकळा घेऊन शेपटाकडून चाकाकडे चालत येतात, आणि त्यांच्या पाठीमागे जाडजूड दोर तयार होत जातो. शेपटावरच्याला भिंतीच्या कोपऱ्यामुळे फाटक दिसत नाही. चाकावरच्याला दिसतं. गाडी आली की चाकावरच्याने ओरडायचं, "सोड!" मग शेपटावरचा पट्ट्याची खिळी उपसतो, दोर जमिनीवर पडतो, गाडी त्यावरून निघून जाते.

शेवटचा पीळ चढत असताना मात्र दोर सोडता येत नाही. सोडला तर तो उसळतो, गाठी पडतात, आठ दिवसांचं काम मातीत जातं. तेव्हा रस्त्यावरच्या भागाला एक लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की बैलगाडी असो, ट्रक असो, थांबायचा. गाडीवाले खाली उतरून पाय मोकळे करायचे, बाबांची थट्टा करायचे. तरी कोणी थांबलाच नाही, तर? तर दोर गेला खड्ड्यात, माणूस आधी. चाकावरच्याने ओरडायचंच.

माझा आवाज असा की नदीपलीकडची गुरं मान वर करून बघायची. गावाने माझं नाव टिटवी पाडलं होतं आणि मला त्याचा काडीचाही राग नव्हता. गिरणीचे घाणे धडधडत असले तरी माझी हाक शेपटापर्यंत जायची. बाबा म्हणायचे, "देवाने हिला गळा दिला आणि मला काम दिलं. दोघांचं जमलं."

शेपटावर त्या उन्हाळ्यात लांबू होता. खरं तर ती जागा बाबांची, पण त्यांच्या कमरेत चमक भरली होती, रेलता येत नव्हतं. लांबू माझ्या वर्गातला, सोळा वर्षांचा, अंगावर मांस नाही पण ताकद बैलाची. त्याला बाप नव्हता. त्याची आई गिरणीमालकाच्या घरी भांडी घासायची, केर काढायची. मी तिला मावशी म्हणायचे.

आणि तिसरा बुट्या. पहिलीच्या वर्गात आम्ही सगळे अनवाणी आणि हा एकटा बूट घालून आला, तेव्हापासून बुट्या. गिरणीमालकाचा धाकटा; त्यांचं घर गिरणीच्या आवारातच. दहा वर्षं आम्ही तिघं एका बाकावर बसलो. त्याला घरचं जेवण कधी आवडलं नाही, माझ्या डब्यातलं खायचा. मावशीने तर त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. दोरवाटेवर येऊन चाक फिरवायला शिकला होता. एकदा हट्टाने कमरपट्टा बांधून शेपटावर उभा राहिला आणि पहिल्याच ताणाला तोंडावर आपटला. आम्ही पोट धरून हसलो, आणि तोही हसला. हे सांगते एवढ्यासाठी की चिंधीचा अर्थ बुट्याला माहीत नव्हता असं कोणी म्हणू नये.

दहावीची परीक्षा झाली आणि बुट्याला मोटारसायकल आली. बरोबर शहरातले दोन मामेभाऊ आले, गॉगलवाले. पहिल्या दिवशी बुट्याने आम्हाला लांबूनच हात केला. दुसऱ्या दिवशी केला नाही.

त्याच सुमाराला नावाडी आमच्याकडे आला होता. आमच्या नदीवर पूल नाही. काठापासून काठापर्यंत दोर ताणलेला असतो आणि त्याला धरून नाव ओढतात. जुना दोर कुजला होता आणि पाणी चढायच्या आत नवा हवा होता. "दुकानात नायलॉनचा मिळतो," नावाडी म्हणाला, "पण ओल्या हातातून निसटतो मेला. मला तुमचाच हवा." बाबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. वर्षभरात कासरे आणि दावी सोडून कोणी काही मागितलं नव्हतं. गाव म्हणायचं, दोरवाल्याचा धंदा संपला, आता दोरवाट गिरणीला देऊन टाका, तिथे ट्रक वळतील. गिरणीमालक स्वतः तोंडाने असं कधी म्हणाला नव्हता. फक्त भेटला की विचारायचा, "काय दोरवाले, कमर कशी आहे?"

आईने वाक विंचरायला घेतला. फणीच्या खिळ्यांवरून झुबका ओढायचा, झटकायचा, परत ओढायचा. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. रात्री ती त्यात तेल भरायची आणि सकाळी परत तेच. सहा दिवस आम्ही नुसते पेड वळले. लांबूच्या कमरेवर पट्ट्याचा काळानिळा वळ उठला होता. चाक फिरवून फिरवून माझा उजवा दंड डाव्या दंडाचा भाऊ वाटत नव्हता.

पेडांचं काम चालू होतं तेव्हा बुट्या दिवसातून चारदा जायचा. मी ओरडायचे, लांबू सोडायचा, बुट्या जायचा. परत बांधा, परत ताणा. पाच मिनिटांनी बुट्या परत. मामेभावांना तो खेळच वाटायला लागला. एक म्हणाला, "काय मस्त आहे रे, हॉर्न वाजवला की दोरी पडते!" बुट्या हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बाबा म्हणाले, "जाऊ दे. पोरं आहेत. कंटाळतील."

कंटाळली कसली! पाचव्या दिवशी बुट्या रस्त्यावर थांबला, शेवटच्या पिळासाठी भिंतीच्या खिळ्याला अडकवून ठेवलेली लाल चिंधी काढली, आणि मोटारसायकलच्या हँडलला बांधली. झेंड्यासारखी. आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी गावच्या टाकीवर पाणी भरायला गर्दी होती. मी होते, लांबू होता, मावशी होती. बुट्या आणि मामेभाऊ आले. मी सरळ जाऊन हँडलची चिंधी सोडायला लागले. बुट्याने माझं मनगट धरलं.

"हात लावू नकोस गाडीला."

"चिंधी आमची आहे."

"रस्ता आमचा आहे," तो म्हणाला. मग मामेभावाने विचारलं, "ही कोण रे? आणि तो लंबू कोण?" बुट्याने एकदा लांबूकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी सांगेल. तो म्हणाला, "तो? आमच्या भांडीवालीचा."

मावशी दोन हातांवर होती. तिची कळशी भरून वाहत होती आणि तिने नळ बंद केला नाही.

लांबूने त्याला मारलं. एकच ठोसा, पण तो लांबूचा ठोसा. बुट्याच्या नाकातून रक्त आलं. मग मामेभाऊ दोघं लांबूवर पडले, बुट्याही उठून अंगावर आला, तिघांनी मिळून त्याला चिखलात लोळवलं. मी एकाच्या केसांना लोंबकळले आणि त्याने मला कोपर मारलं, अजून हा दात हलतो. लोकांनी सोडवलं तेव्हा लांबू ओरडला, सगळ्या गावासमोर, "परत दोरावर आलास तर गळ्यातच घालीन तुझ्या!"

रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ते वाक्य पन्नास माणसांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीमालकाने मावशीला सांगितलं, पोराला घेऊन ये. ओसरीवर मालक, मालकीण, मामेभाऊ, आणि नाकावर पट्टी लावलेला बुट्या. मी मावशीबरोबर गेले होते, फाटकाशी उभी राहिले. मालक शांतपणे म्हणाला, "आमच्याच ताटातलं खाऊन आमच्यावरच हात? कान धर." लांबू हलला नाही. मालक मावशीला म्हणाला, "याला शिकवलं नाहीस तू?" मग मावशीने, माझ्या देखत, लांबूचे दोन्ही हात धरले आणि त्याच्या कानांवर नेऊन ठेवले. स्वतःच्या हातांनी. तो तिच्यापेक्षा हातभर उंच, तिला टाचा उचलाव्या लागल्या. बुट्या जमिनीकडे बघत होता. मामेभाऊ बघत होते लांबूकडे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. परत येताना लांबू मला एवढंच म्हणाला, "उद्या शेवटचा पीळ आहे ना? येतो."

तो आला. सकाळची वेळ, भिंतीची सावली दोरवाटेवर होती. आम्हाला दुसरी लाल चिंधी शोधायला हवी होती. आई म्हणाली, "माझ्या जुन्या लुगड्याची फाडते." बाबा म्हणाले, "वेळ नको, ऊन चढेल, वाक कोरडा पडेल. एवढ्या सकाळी कोण उठतंय तिकडे?" आणि आम्ही चिंधीशिवाय सुरुवात केली. ही चूक बाबांची. ती मी त्यांच्या पदरात घालते, कारण पुढची माझी आहे.

मी चाक फिरवत होते. पेड ताठ झाले होते, वाजवले तर वाजतील इतके. लांबू शेपटावर जवळजवळ आडवा, टाचा मातीत वीतभर रुतलेल्या, कपाळावरच्या शिरा टरारलेल्या. ठोकळा घेऊन बाबा रस्ता ओलांडून अलीकडे आले होते, माझ्याकडे तोंड करून एक एक पाऊल टाकत होते. त्यांच्या मागे दोर असा बसत होता, असा एकसारखा, की मी तसा कधी पाहिला नव्हता. वीस पावलं राहिली होती.

फाटक उघडलं. बुट्या एकटाच होता. फाटकापासून दोरापर्यंत चाळीस पावलं. त्याने गाडीला जोर दिला.

मी पाहिलं. नीट पाहिलं. हँडलला आमची चिंधी फडफडत होती. माझ्या गळ्यात हाक आली होती. आणि मी विचार केला. एक श्वासभर. ओरडले तर दोर गेला, सहा दिवस गेले, आईची बोटं गेली, आणि नावाडी नायलॉन घेणार. तो थांबेल, म्हटलं. त्याला माहीत आहे. आणि त्याच श्वासात हेही मनात आलं, नाही थांबला तर आपटू दे एकदा तोंडावर.

दोर त्याच्या छातीला लागला आणि वर सरकून हनुवटीखाली गेला. गाडी पुढे गेली, तो मागे राहिला. लांबूला कमरेतून जो हिसका बसला त्याने तो पाच-सहा हात फरफटत गेला आणि आकड्यावर पडला. बाबांच्या हातून ठोकळा उडाला. दोर तुटला नाही.

बुट्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला, गळ्याखालचं हाड मोडलं. जबडा तारेने बांधून टाकला, दीड महिना बोलणं बंद. लांबूच्या दोन बरगड्या गेल्या. त्याला दवाखान्यातून थेट चौकीत नेलं. गिरणीमालकाने तक्रार दिली: पोराने आधी धमकी दिली, मग जीव घ्यायला दोर ताणून धरला. साक्षीला पन्नास माणसं. आणि काय खोटं होतं त्यात? धमकी तर दिलीच होती.

फौजदाराने लांबूला विचारलं, दोर का सोडला नाहीस? लांबू म्हणाला, "टिटवी ओरडली असेल. मला ऐकू आलं नाही."

गाव हसलं. गाव म्हणालं, टिटवीची हाक मेलेल्या माणसाला ऐकू जाते आणि याला गेली नाही! सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही या पोराचा. मी त्या रात्री जेवले नाही. कारण लांबूला पक्कं माहीत होतं की हाक आलीच नव्हती. नियम त्याला कळत होता. तो मला झाकत होता, आणि स्वतः उघडा पडत होता.

बाबांनी मला अंगणात विचारलं, "तू ओरडलीस ना?"

"हो," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बरं." आणि ठोकळ्याच्या खाचा घासायला बसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ते माझ्याकडे तोंड करून चालत होते. त्यांनी माझे डोळे वर गेलेले पाहिले होते, आणि बंद तोंडही.

लांबूला शहरातल्या मुलांच्या सुधारगृहात ठेवलं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत. निकाल लागला की तीन वर्षं, असं सगळे म्हणत होते. मावशीचं काम सुटलं. ती आमच्या अंगणात येऊन आईबरोबर वाक विंचरायला बसायची, न सांगता. तिच्या हाताला ती सवय नव्हती, खिळे लागायचे. माझ्याशी नेहमीसारखी बोलायची. "पोरी, पाणी दे ग." "पोरी, तुझा दात कसा आहे?" मी पाणी द्यायचे आणि घरामागे जाऊन उभी राहायचे. मला इतकी लाज कशाचीच वाटली नव्हती कधी.

मग नावाडी आला. उरलेली वीस पावलं मागाहून वळून पुरा केलेला दोर अंगणात वेटोळं करून ठेवला होता. त्याने तो हातात घेतला, अंगठ्याने पीळ दाबून पाहिला, मान डोलावली. "असा दोर तुमच्या बापानेसुद्धा वळला नसेल," म्हणाला. मग म्हणाला, "पण हा मी नदीवर नाही लावणार. रोज पोरंबाळं हाताने धरून जातात. हाच तो, असं म्हणतील. राग मानू नका."

बाबा म्हणाले, "राग कसला." नावाडी गेल्यावर ते वेटोळ्यावर बसून राहिले. दोर वाचवायला मी तोंड बंद ठेवलं होतं, आणि दोर असा अंगणात पडून होता, कोणाच्या कामाचा नाही.

दोन दिवसांनी गिरणीमालक स्वतः आला. आमच्या अंगणात तो पहिल्यांदाच आला होता. बसायला दिलं ते बसला नाही. "दोरवाले," तो म्हणाला, "माझं तुमच्याशी वैर नाही. पोराने मुद्दाम धरला, एवढं तुम्ही तोंडाने सांगा. ही पट्टीही आता सोडून द्या, तुमची कमर काही सुधारत नाही. मग तुमच्या मुलीचं नाव कुठे येणार नाही. तीही तिथे होती, म्हणून म्हणतो." ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याला गरजच नव्हती.

बाबा या माणसाला नाही म्हणतील याची मला खात्री होती. बाबा म्हणाले, "विचार करून सांगतो."

मी घरात जाऊन भांड्यांच्या फळीला डोकं टेकलं. आता मला कळलं होतं. त्यांना माहीत होतं. ते माझ्यासाठी लांबूला विकायला निघाले होते, आणि आजोबा-पणजोबांची वाटही.

दुसऱ्या सकाळी फौजदार आला. खोकणारा, सावकाश बोलणारा माणूस, पण बारीक नजरेचा. तो म्हणाला, "जबाब पुष्कळ झाले. मला दोर वळतात कसा ते दाखवा." लांबूला आणलं होतं, बरगड्यांना पट्टे, गालफडं बसलेली. अर्धं गाव भिंतीशी जमलं. गिरणीमालक ओसरीवरून खुर्ची आणून बसला. घाणे मुद्दाम चालू ठेवायला सांगितले होते.

फौजदाराने कमरपट्टा स्वतः बांधला आणि शेपटावर उभा राहिला. बाबांनी त्याला रेलायला शिकवलं. तो दोर आणून लावला. हवालदार सायकल घेऊन फाटकात. मला फौजदार म्हणाला, "त्या दिवशी ओरडलीस तशीच ओरड. कमी नको, जास्त नको."

मला चटकन वाट सुचली. हळू ओरडायचं. त्याला ऐकू जाणार नाही, लांबूचं म्हणणं खरं ठरेल, तो सुटेल आणि मीही. सायकल निघाली. मी "सोड" म्हणाले, घसा आवळून. फौजदाराने खिळी उपसली नाही. सायकल दोराशी येऊन थांबली.

"ऐकू आलं नाही," फौजदार म्हणाला.

गिरणीमालक हसला. "हिला विचारा, हिला टिटवी का म्हणतात!" मग सगळेच हसले. कोणीतरी ओरडलं, "अग, नदीपलीकडे जाते तशी मार की हाक!"

"पुन्हा," फौजदार म्हणाला. "खरी."

दुसऱ्यांदा सायकल निघाली आणि हवालदाराला बहुतेक राग आला होता, तो जोरात आला. माझा गळा माझ्या आधी उघडला. सहा वर्षांची सवय. "सोड!" अशी सुटली की भिंतीवरचे पारवे उडाले. फौजदाराने खिळी उपसली, दोर पडला, सायकल त्यावरून गेली. सगळं पाव मिनिटात.

"स्पष्ट ऐकू आलं," फौजदार म्हणाला आणि वळून लांबूकडे पाहिलं. "तुला आलं नाही?"

लांबूने माझ्याकडे पाहिलं. मग फौजदाराकडे. "आलं होतं," तो म्हणाला. "मुद्दाम नाही सोडला. लिहून घ्या."

मावशी मटकन खाली बसली. हवालदार कागद काढायला लागला. गिरणीमालक खुर्चीतून उठला, त्याचं काम झालं होतं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"तिसऱ्यांदा करा," मी म्हणाले.

"कशाला?"

"ही दोन्ही खोटी होती. आता खरं दाखवते."

फौजदाराने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग आकडा अडकवला आणि रेलला. हवालदार फाटकात गेला. मी चाकाला हात घातला. सायकल निघाली, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले, चाक फिरवत राहिले, तोंड मिटून. हवालदाराला वाटलं दोर पडणार. पडला नाही. सायकल दोरावर आदळली, हवालदार टोपीसकट धुळीत, आणि फौजदार कमरेतून हिसका बसून दोन्ही गुडघ्यांवर. पोरं खिदळली, मग त्यांना कोणीतरी गप्प केलं.

"असं झालं होतं," मी म्हणाले. "मी ओरडलेच नाही. हाक नाही आली तर शेपटावरचा सोडणार कसा? त्याला फाटक दिसत नाही. बघा, आता तुम्हाला तरी दिसतंय का?"

फौजदाराने गुडघ्यांवरूनच मागे वळून पाहिलं. भिंतीचा कोपरा.

"पाहिलं नव्हतंस त्याला?"

"पाहिलं होतं."

"मग?"

"दोर वाचवायचा होता. आणि त्याला आपटलेला बघायचं होतं. दोन्ही खरं आहे. कोणतं जास्त, मला सांगता येत नाही."

बाबा पुढे आले. "साहेब, मी तिचं तोंड पाहिलं होतं. मला पहिल्यापासून माहीत आहे. मी गप्प बसलो." मग गिरणीमालकाकडे वळले आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्याला डोळा दिला. "तुम्ही विचारलं होतं ना? विचार केला. वाट सोडत नाही."

लांबू मला म्हणाला, "मूर्ख आहेस तू. मी काढली असती तीन वर्षं." त्याला रडू येत होतं म्हणून तो रागावला होता. मी म्हणाले, "तू गप रे. तुला चाकावरचं काय कळतंय."

फौजदार कपडे झटकत म्हणाला, "चल, चौकीत जबाब द्यायला लागेल. आजच्या आज घरी येशील असं सांगत नाही." आई रडायला लागली. मला भीती वाटत होती, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि पाय हलके होते. हे खरं आहे, मी मोठेपणा सांगत नाही.

तेवढ्यात मावशी उठली. गर्दीतून सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, आता जवळ घेईल. तिने मला मुस्काटात मारली. अशी की हलता दात पडतो की काय वाटलं. ती धापा टाकत माझ्याकडे बघत होती. सोळा दिवस ती माझ्याकडून पाणी घेऊन पीत होती, आणि मी देत होते.

"सोळा दिवस!" ती म्हणाली.

मी मान खाली घातली नाही. म्हणाले, "हो मावशी."

मग तिने तिचा पदर ओला करून माझ्या ओठाचं रक्त पुसलं, खसखसून, लहान पोराचं तोंड पुसतात तसं. फौजदाराला म्हणाली, "हिची आई आता चालायच्या जोगी नाही. मी येते हिच्याबरोबर. एकटी पोर चौकीत नाही जाणार." आणि लांबूकडे न बघताच त्याला म्हणाली, "तू घरी जा. पेज टाकलीये चुलीवर, करपू देऊ नकोस."

चौकी तीन मैल होती. आम्ही दोघी पुढे, हवालदार मागे सायकल ढकलत. सगळ्या वाटेत मावशीने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.